सांडलेली पाने वेचणारा मित्र

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, 'अमीर-उमराव' हा शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरलेला आहे की तो आला कुठून, हे कोणी विचारत नाही. लग्नात एखादा पाहुणा फार ऐट करू लागला की आमच्या वडीगोद्रीतल्या म्हाताऱ्या पदराआडून म्हणतात, 'आला मोठा उमराव!' व्याकरण पाहायला गेलो तर म्हातारी चुकते. 'उमरा' हे 'अमीर' या अरबी शब्दाचे अनेकवचन. म्हणजे त्या एकट्या पाहुण्याला ती 'आला मोठा सरदारलोक' असे काहीतरी म्हणत असते. पण भाषा अशीच चालते. शब्द एकदा गावात राहायला आला की तो आपले मूळ घर विसरतो आणि गावकरीही ते विचारत नाहीत.

हा 'उमरा' ज्याच्या नावात आहे अशा एका ग्रंथाची आणि तो ग्रंथ ज्यांच्यामुळे आपल्यापर्यंत पोचला त्या दोन मित्रांची गोष्ट मला आज सांगायची आहे. ग्रंथाचे नाव 'मआसिर-उल-उमरा'. मआसिर म्हणजे मागे सांगत राहावीत अशी कृत्ये. अकबराच्या काळापासून पुढच्या सव्वादोनशे वर्षांत मोगल दरबारात आणि दख्खनेत जे सरदार-दरकदार होऊन गेले, त्यांतल्या सातशेहून अधिक जणांची चरित्रे त्यात फारसीत लिहिलेली आहेत. आपल्या सिंदखेडचे लखुजी जाधव त्यात 'जादूराय' म्हणून भेटतात. शाहू महाराज भेटतात. मोगल काळावर लिहिणाऱ्या कोणत्याही अभ्यासकाला हा ग्रंथ ओलांडून पुढे जाता येत नाही.

आणि तो दिल्लीला लिहिला गेला नाही की आग्र्याला नाही. तो लिहिला गेला औरंगाबादेत. आज या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे; जुन्या काळाची गोष्ट सांगताना मी जुने नाव वापरतो, कारण या गोष्टीतल्या माणसांच्या तोंडी तेच होते. वडीगोद्रीच्या फाट्यावर एसटीत बसायचे आणि पाचोड, आडूळ करत जिथे उतरायचे, ते हे गाव. दवाखान्यासाठी, कॉलेजसाठी, कोर्टाच्या तारखेसाठी आम्ही आयुष्यभर तिथे जात आलो. हा ग्रंथ तिथला आहे हे मला मात्र पस्तिशी उलटल्यावर कळले. बी.ए.च्या पुस्तकात तो नव्हता.

त्या काळातला एक माणूस पुस्तकात होता. बुसी. मार्क्विस द बुसी, फ्रेंच सरदार. १७५१ मध्ये पाँडिचेरीहून फौज घेऊन तो निजामाच्या मुलाला गादीवर बसवायला औरंगाबादेत आला आणि सात वर्षे दख्खनच्या राजकारणात त्याचा शब्द चालला. तलवारीपेक्षा बोलण्याने जास्त जिंकणारा, पक्का मुत्सद्दी. त्याच्यावर फ्रेंचांनी आणि इंग्रजांनी पुष्कळ लिहिले. पण त्याच वेळी, त्याच दरबारात, त्याच्या समोरच्या बाजूला एक दुसरा सरदार आणि मुत्सद्दी बसलेला होता. तो होता शाहनवाजखान.

त्याचे खरे नाव मीर अब्दुर्रज्जाक. घराणे मूळचे खुरासानातल्या खवाफ गावचे. पूर्वज अकबराच्या काळात हिंदुस्थानात आले. त्याचा जन्म मार्च १७०० मध्ये लाहोरला झाला. बाप ऐन तारुण्यात गेलेला. औरंगाबादेत नातेवाईक होते, म्हणून हा तरुणपणीच इकडे आला आणि इकडचाच झाला. पहिल्या निजामाने, म्हणजे निजामुल्मुल्क आसफजाहने, त्याला वऱ्हाडचा दिवाण नेमले. हिशेबात पक्का, वाचनाचा नाद असलेला, इतिहासाचे वेड असलेला माणूस. सगळे सुरळीत चालले असते तर तो एक चांगला महसुली अधिकारी म्हणून म्हातारा झाला असता आणि आज त्याचे नाव काढायला कोणी उरले नसते.

पण १७४१ मध्ये निजामाच्या मुलाने, नासिरजंगाने, बापाविरुद्ध बंड केले. औरंगाबादेजवळ बाप-लेकाची लढाई झाली. लेक हरला आणि कैदेत पडला. शाहनवाजखानाने लेकाची बाजू घेतली होती. बापाने त्याचा जीव घेतला नाही, फक्त नोकरीवरून दूर केले. खान घरी बसला. एक-दोन महिने नव्हे, जवळजवळ पाच वर्षे.

कामावरून काढलेला माणूस घरी काय करतो, हे आपण पाहिलेले असते. कोणी ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपले गाऱ्हाणे सांगतो. कोणी अर्ज लिहीत बसतो. खानाने कागद ओढले आणि ज्या सरदारांच्या रांगेतून आपल्याला बाहेर काढले, त्या सरदारांचीच चरित्रे लिहायला घेतली. कोण कुठून आला, कोणाच्या पदरी राहिला, कसा चढला, कसा पडला. मला यात सूड दिसत नाही, की स्वतःची समजूत घालणेही दिसत नाही. आपल्यासारखे आधी किती जण चढले आणि पडले, हे बघण्याचे कुतूहल दिसते. पडलेल्या माणसाला ते थोडे जास्तच असते.

आता दुसरा मित्र. मीर गुलामअली आझाद बिलग्रामी. अवधातल्या बिलग्राम या विद्वानांच्या गावात १७०४ मध्ये त्यांचा जन्म झाला. आजोळची परंपराही मोठी. आईचे वडील मीर अब्दुल जलील स्वतः नामवंत पंडित. आझाद अरबी आणि फारसी दोन्हींत कविता करायचे. पैगंबरांच्या स्तुतीपर अरबी काव्यासाठी त्यांना 'हस्सान-उल-हिंद' म्हणत. हस्सान हे खुद्द पैगंबरांच्या काळातल्या कवीचे नाव. काही वर्षे सिंधमध्ये सरकारी काम केले, मग हजला गेले, आणि परतताना सुरतेला उतरून थेट दख्खनेत आले ते कायमचे. औरंगाबादेत ते सात वर्षे राहिले बाबा शाह मुसाफिरांच्या तकियात. तकिया म्हणजे फकिरांचा मठच म्हणा. आपण ज्याला पाणचक्की म्हणतो, सहलीला जाऊन जिथे पडणाऱ्या पाण्यासमोर फोटो काढतो, तीच ही जागा. ती चक्की तिथल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी दळण दळायची. त्या पिठाची भाकरी खाल्लेला एवढा मोठा कवी तिथे राहिला, हे फोटो काढणाऱ्याला कोणी सांगत नाही.

तुमच्या लक्षात आले असेल, खानाला मी अरे-तुरे करतो आहे आणि आझादांना अहो-जाहो. ठरवून नाही, जिभेवर तसे येते. कवी कवीची बाजू घेणारच.

'आझाद' हे त्यांचे तखल्लुस, म्हणजे कवितेतले टोपणनाव. अर्थ मोकळा, स्वतंत्र. बहुतेक कवींची टोपणनावे ही टोपणनावेच असतात; 'फकीर' नावाचे कवी वाड्यात राहतात. आझादांनी मात्र नाव पाळले. १७४८ मध्ये पहिला निजाम वारला आणि नासिरजंग गादीवर आला. तो आझादांना फार मानायचा. लोक म्हणू लागले, आता तुम्ही जे मागाल ते मिळेल, मनसब घ्या, जहागीर घ्या. आझादांनी नकार दिला. त्यांनी दिलेला दाखला कुराणातल्या तालूत राजाच्या नदीचा होता. तालूतचे सैन्य नदीपाशी येते तेव्हा त्यांना सांगितले जाते की ओंजळभर पाणी चालेल, पोटभर प्याल तर माझे नाही. ही दुनिया तशी नदी आहे, असे आझादांचे म्हणणे. गंमत पाहा, ते नदीपासून पळाले नाहीत. दरबारात वावरले, मोहिमेवर बरोबर गेले, मित्र केले. ओंजळीच्या वर मात्र घेतले नाही.

शाहनवाजखान घरी बसून लिहीत होता त्या वर्षांत आझाद त्याच शहरात होते. एकाला वेळ मिळालेला, दुसऱ्याने वेळ राखून ठेवलेला. दोघांनाही एकाच गोष्टीचा नाद: मेलेल्या माणसांची माहिती गोळा करण्याचा. खान सरदारांची चरित्रे लिहीत होता, तर आझादांनी कवींची, विद्वानांची, खुलताबादच्या सूफी संतांची लिहिली. अशा दोघांची मैत्री व्हायला तिसऱ्या माणसाची गरज लागत नाही. एखाद्या सरदाराचे मूळ गाव कोणते यावर तास-तास निघून जात असतील, असे मला वाटते. अशी मैत्री मीही केलेली आहे, तिच्याविषयी पुढे.

१७४७ मध्ये निजामाचा राग निवळला आणि खानाला वऱ्हाडची दिवाणी परत मिळाली. तिथे लिखाण थांबले. ते अपुऱ्या मसुद्याच्या रूपात बाजूला पडले. पुढची वर्षे धामधुमीची गेली. नासिरजंगाच्या कारकिर्दीत खान त्याच्या जवळ होता; अर्काटकडच्या मोहिमेत खानही होता, आझादही होते. डिसेंबर १७५० मध्ये जिंजीजवळ नासिरजंगाला त्याच्याच बाजूच्या पठाण नवाबांनी दगा देऊन मारले. दोघांचाही आश्रयदाता एका सकाळी गेला. मग फ्रेंचांच्या जोरावर सलाबतजंग गादीवर आला, बुसी औरंगाबादेत आला, आणि १७५३ च्या अखेरीस शाहनवाजखान निजामाच्या राज्याचा मुख्य दिवाण झाला. पदवी मिळाली समसामुद्दौला. समसाम म्हणजे तलवार.

त्याच्या हाती आलेले राज्य कसे होते? पूर्वेला किनाऱ्यावरचे चार-पाच सुपीक जिल्हे फौजेच्या खर्चापोटी बुसीने तोडून घेतलेले. पश्चिमेला पुण्याहून नानासाहेब पेशव्यांचा दाब. दक्षिणेला इंग्रज टपलेले. तिजोरीत खडखडाट, आणि शिबंदीचा पगार थकलेला. अशा वेळी दिवाणाला तलवार उपयोगाची नसते. पदवीत असली म्हणून काय झाले! उपयोगी पडतात ती वकिलांची जाणीयेणी. आपल्याकडे आज वकील म्हणजे कोर्टातला काळ्या कोटातला माणूस. पेशवे दप्तरात मात्र वकील म्हणजे राजदूत. खानाचे सगळे राजकारण या वकिलांच्या थैल्यांमधून चालले होते, आणि त्याचा हेतू एकच होता: बुसीला दरबारातून घालवायचे.

१७५६ मध्ये त्याने तो डाव टाकला. निजाम आणि पेशवे मिळून सावनूरच्या नवाबावर चालून गेले होते. तिथे खानाने सलाबतजंगाकडून बुसीला बडतर्फ करवले. त्याच वेळी मद्रासच्या इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रज तयारही झाले. पण तेवढ्यात बंगालच्या सिराजुद्दौल्याने कलकत्ता घेतल्याची बातमी आली, आणि दख्खनेत येऊ शकणारी फौज क्लाइव्हबरोबर बंगालला गेली. पुढच्या वर्षी प्लासी झाली. प्लासीच्या लढाईचा एक धागा असा आपल्या औरंगाबादच्या दिवाणापर्यंत येतो. इकडे बुसी हैदराबादेत चारमहाल नावाच्या बागेतल्या वाड्यात मोर्चे बांधून बसला, त्याला किनाऱ्यावरून कुमक आली, आणि ऑगस्टमध्ये निजामाला त्याच्याशी समेट करावा लागला. डाव फसला. दोघेही परत एकाच दरबारात, हसून बोलत. मुत्सद्द्यांचे हसणे किती खरे धरायचे, हे तुम्हाला सांगायला नको.

जुलै १७५७ मध्ये औरंगाबादेत थकलेल्या पगारासाठी फौजेने दंगा केला. खानाला दिवाणीवरून काढले आणि त्या जागी निजामाचा भाऊ बसालतजंग आला. जमाव खानाच्या घरावर चालून जायच्या बेतात होता. तेव्हा तो बायकापोरांसह आणि सामानासह रातोरात निघाला आणि दौलताबादच्या किल्ल्यात जाऊन बसला. किल्ला त्याच्या ताब्यात होता. काही महिने औरंगाबाद शहर आणि चार कोसांवरचा तो डोंगर एकमेकांकडे बघत राहिले. मग बोलणी सुरू झाली. वऱ्हाडातून निजामाचा दुसरा भाऊ निजामअली आला, आणि समेट झाला. या समेटात मध्यस्थाचे काम केले ते आझादांनी. कोणतीही मनसब न घेतलेल्या माणसाचा शब्द दोन्ही बाजूंना चालला. कदाचित न घेतल्यामुळेच चालला. खान किल्ल्यावरून खाली उतरला.

इथे मी नेहमी थबकतो. दौलताबादसारखा किल्ला. वर राहिला असता तर? मित्राच्या शब्दावर माणूस खाली येतो आणि सहा महिन्यांत त्याचे काय होते, ते आता सांगतो.

१७५८ च्या सुरुवातीला बुसी किनाऱ्यावरून औरंगाबादेत परतला. त्याचा दिवाण हैदरजंग हा सगळ्या कारस्थानांचा सूत्रधार. त्याने दौलताबादचा किल्लेदार पैशाने फोडला, आणि एकही गोळा न झाडता किल्ला फ्रेंचांकडे गेला. एप्रिलमध्ये खानाला कैद करून छावणीत पहाऱ्यात ठेवले. मे महिन्यात, रमजानच्या तिसऱ्या दिवशी, निजामअलीने हैदरजंगाला आपल्या तंबूत बोलावले आणि तिथेच ठार करवले, आणि स्वतः घोड्यावर बसून बुऱ्हाणपूरकडे पसार झाला. फ्रेंचांच्या छावणीत एकच गोंधळ उडाला. त्या गोंधळात फ्रेंचांच्या पदरच्या लछमना नावाच्या नायकाने कैदेत असलेल्या शाहनवाजखानाला मारले. त्याच्याबरोबर त्याचा धाकटा मुलगा अब्दुन्नबी मारला गेला. खान अठ्ठावन वर्षांचा होता. तंबूतल्या खुनाशी त्याचा काही संबंध असो-नसो, हातात सापडेल असा तोच होता.

दिवाणाची गादी त्या काळात अशीच होती. पाचच वर्षांनी, १७६३ मध्ये, आमच्या शहागडच्या पलीकडे गोदाकाठी राक्षसभुवनच्या लढाईत निजामाचा आणखी एक दिवाण, विठ्ठल सुंदर, मारला गेला. ती लढाई आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असते, कारण तिथे माधवराव पेशवे आणि राघोबादादा जिंकले. शाहनवाजखानाचा मृत्यू कोणाच्याच विजयात धरला गेला नाही.

खान मारला गेला आणि त्याचे घर लुटले गेले. दागिने, भांडी, घोडे हे तर गेलेच. त्याचा ग्रंथसंग्रहही गेला. आणि त्यात होता तो अपुरा मसुदा, बंधी न केलेला, पुन्हा न वाचलेला, सुटी पाने असलेला. लुटणाऱ्याला कागदाचे काय? चामड्याची बांधणी असेल तर ती काढून घ्यायची आणि पाने टाकून द्यायची. कागद तेव्हा महाग होता, एवढाच एक आशेला जागा देणारा मुद्दा. पानाची मागची बाजू कोरी असेल तर वाण्याच्या दुकानी त्याला किंमत होती.

मोठा मुलगा अब्दुल हय्य जिवंत राहिला होता, पण त्याला गोवळकोंड्याच्या किल्ल्यात कैदेत टाकलेले. म्हणजे घरचे म्हणावे असे शोध घ्यायला कोणी नव्हते. तो शोध आझादांनी घेतला. पूर्ण एक वर्ष. चौपन्न वर्षांचा, लेखणीखेरीज हातात काही नसलेला माणूस. जे दरबारी मेलेल्या दिवाणाचे नाव उच्चारायला कचरत होते, त्याच शहरात हा त्याचे कागद कोणी पाहिले का, असे विचारत हिंडला. हे धाडस आहे, पण ते धाडसासारखे दिसत नाही. रद्दी शोधणाऱ्या म्हाताऱ्यासारखे दिसते.

आणि कागद सापडले. सगळे नाहीत. क्रम मोडलेला होता, काही चरित्रे गहाळ होती. सय्यद बंधूंपैकी थोरला, कुत्बुल्मुल्क अब्दुल्लाखान, याचे चरित्र मिळेना. हे तेच सय्यद बंधू, ज्यांच्या वेळी बाळाजी विश्वनाथ दिल्लीला जाऊन चौथाईच्या सनदा घेऊन आला. एवढ्या मोठ्या माणसाशिवाय सरदारांचा ग्रंथ लंगडा पडला असता. आझादांनी आपल्या 'सर्व-ए-आझाद' या आधीच्या पुस्तकातला त्याच्यावरचा मजकूर काढून त्या जागी बसवला. दुसऱ्याच्या फाटक्या अंगरख्याला आपल्या अंगरख्याचा तुकडा लावावा, तसे. पाने लावली, प्रस्तावना लिहिली, आणि सुरुवातीला एक चरित्र जोडले. ग्रंथकर्त्याचे. सातशे जणांची आयुष्ये लिहायला बसलेल्या माणसाने आपले स्वतःचे लिहिले नव्हते. ते मित्राने लिहिले. शाहनवाजखानाविषयी मी आज जे सांगितले, त्यातले पुष्कळसे त्या मजकुरावरून पुढे आलेले आहे.

आता तुम्ही विचाराल, मित्राने लिहिलेले चरित्र कितपत खरे मानायचे? प्रश्न रास्त आहे. आझादांची लेखणी निःपक्षपाती नव्हती. मराठ्यांविषयी, विशेषतः पेशव्यांविषयी, ती चांगलीच कडवट आहे. पानिपतानंतर दीड-दोन वर्षांत औरंगाबादेत लिहिलेल्या त्यांच्या 'खजाना-ए-आमिरा'त ते दिसते. मराठीत लिहिणारा मुसलमान म्हणून ती पाने वाचताना मी अस्वस्थ होतो, हे कबूल करतो. त्यांचाच शिष्य लछमीनारायण शफीक, औरंगाबादचा खत्री, याने पुढे मराठ्यांचा इतिहास फारसीत लिहिला आणि तो गुरूपेक्षा शांत डोक्याने लिहिला. मित्राविषयी लिहितानाही आझाद मित्रच आहेत. बुसीच्या बाजूचे कागद पाहिले तर खान कारस्थानी दिसतो, आणि तो होताच. पण फौजेचा पगार थकला होता, लोक खवळले होते, डाव फसले, हे आझाद लपवत नाहीत. मित्राची बाजू घेणे आणि मित्राचे अपयश सांगणे, या दोन्ही गोष्टी एका हाताने करता येतात, हे त्यांनी करून दाखवले आहे. समेटात आपण मध्यस्थ होतो, हेही त्यांनी लिहून ठेवले. न लिहिते तर कोणाला कळले असते?

अब्दुल हय्य १७५९ मध्ये सुटला. निजामअलीने त्याला पुढे वर चढवले, आणि बापाची पदवीही थोड्या फरकाने त्याला मिळाली. तोही कवी होता, 'सारिम' या नावाने लिहायचा. सारिम म्हणजेही तलवार. घराण्यालाच पात्याची हौस. बापाचे आणखी काही कागद त्याच्या हाती लागले, त्याने नवी चरित्रे लिहून भर घातली, सगळे अक्षरक्रमाने लावले आणि १७८० मध्ये ग्रंथ पुरा केला. दोनच वर्षांनी तो वारला. म्हणजे बापाने सुरुवात केल्यापासून पुस्तक व्हायला जवळजवळ चाळीस वर्षे आणि तीन माणसे लागली.

छापायला आणखी शंभर. १८८८ ते १८९१ या काळात कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने तीन खंडांत मूळ फारसी छापले. इंग्रजी भाषांतर हेन्री बेव्हरिज या निवृत्त सनदी अधिकाऱ्याने सुरू केले. त्याच्या मृत्यूनंतर ते बैनी प्रशाद यांनी पुरे केले, आणि हे बैनी प्रशाद कोण, तर प्राणिशास्त्रज्ञ! भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक. शिंपले-गोगलगाईंचा अभ्यास करणारा माणूस मोगल सरदारांची पाने लावत बसला. भाषांतर १९५२ मध्ये संपले. माझी फारसी बेताचीच, म्हणून मी हा ग्रंथ वाचला तो या इंग्रजीच्या काठीने.

बुसी त्या खुनानंतर लवकरच दख्खनमधून परत बोलावला गेला, पुढे इंग्रजांच्या कैदेत पडला, फ्रान्सला गेला, म्हातारपणी परत आला आणि १७८५ मध्ये पाँडिचेरीला वारला. आझाद त्याच्या पुढच्या वर्षी, १७८६ मध्ये गेले, ब्याऐंशी वर्षांचे होऊन. त्यांची कबर खुलताबादला आहे, अमीर हसन सिज्झी या कवीच्या मजारीजवळ. त्यांच्याही चारशे वर्षे आधीचा हा कवी. त्यानेही दुसऱ्याचे शब्द जपले होते. आपले गुरू निजामुद्दीन औलिया यांची बोलणी त्याने टिपून ठेवली, ती आजही वाचली जातात. शाहनवाजखानाचे दफन मात्र औरंगाबादेतच झाले.

मघाशी एका मैत्रीविषयी बोलायचे राखून ठेवले होते. माझा एक कवीमित्र होता, अंबड तालुक्यातलाच, गोदाकाठचा. त्याचा एकही संग्रह निघाला नाही. तो गेल्यावर त्याच्या मुलाने दोन गोण्या कागद आणून माझ्या ओसरीवर ठेवले आणि म्हणाला, 'काका, तुमच्याशिवाय हे कोणाला कळणार नाही.' मी ते पत्र्याच्या पेटीत भरले. तीन दिवाळ्या पेटी तशीच राहिली. माझी बायको दर दिवाळीला विचारायची, 'हे काय करायचं?' आणि मी म्हणायचो, 'बघू.' कोणी घर लुटलेले नाही, कोणाची भीती नाही, फक्त कंटाळा आणि थोडे वाईट वाटणे. आझादांच्या त्या एका वर्षाविषयी वाचले तेव्हा मला पेटीकडे बघायची लाज वाटू लागली.

गेल्या उन्हाळ्यात खुलताबादला जाऊन आलो आणि पेटी उघडली. मित्राला वही परवडायची नाही असे नव्हते, पण हाताला येईल त्या कागदावर लिहायची सवय. निम्म्याहून जास्त कविता उसाच्या तोडचिठ्ठीच्या पाठीवर आहेत. कवितेला तारीख नाही, पण चिठ्ठीवर कारखान्याच्या कारकुनाने तारीख घातलेली असते. त्यावरून क्रम लावता येतो. सध्या २०११ च्या हंगामापर्यंत आलो आहे.